एक खाच, दोन खाचा

मेस्त्री,

काकूंनी मला तुमच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्यात. रविवारी तुम्हाला जाऊन महिना होतो. कंपनीतले जुने लोक विठ्ठलवाडीला घरी येणार आहेत, तेव्हा कुणीतरी काहीतरी वाचावं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "ह्यांचा जीव होता गं तुझ्यावर. चांगलं लिही," म्हणाल्या. मी हो म्हटलं. तुमच्या घरात मला कशालाच नाही म्हणता येत नाही, आणि आता तर मुळीच नाही.

चांगलं लिहून पाहिलं. दोन पानं झाली. तुमचा हात, तुमची नजर, फाउंड्रीतली इतकी वर्षं, साधी राहणी वगैरे. वाचलं तर सत्काराचं भाषण वाटलं, नुसती शाल आणि नारळ द्यायचा बाकी होता. फाडून टाकलं. कारण त्यात ती एक गोष्ट नव्हती, जी लिहिल्याशिवाय तुमच्याबद्दल दुसरं काही लिहायचा मला हक्क नाही. ती आधी सांगून टाकते, नाहीतर मी पुन्हा टाळेन. तुमचा साचा वाकडा नव्हता. तुमची नजर गेली नव्हती आणि हातही चुकला नव्हता. चूक माझी होती. काकूंना यातलं अर्धं मी सांगितलंय. उरलेलं अर्धं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि ते रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं धाडस होतं का, ते हे लिहितानाच मला कळेल.

येणाऱ्या सगळ्यांना आपली ओळख कशी झाली ते माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका.

सहा वर्षांपूर्वी मी ठाण्यातली इंटिरियरची नोकरी सोडली आणि मानपाड्याला एक छोटा गाळा घेतला. गिटार बनवायच्या, असं डोक्यात घेतलं होतं. रोज माजिवड्याहून स्कूटरने शिळफाट्याचा धूर खात यायचे. घरच्यांनी वेड्यात काढलं, म्हणून तर मी जास्तच हट्टाला पेटले. त्याच सुमाराला तुमची कंपनी बंद पडत होती आणि पॅटर्न शॉपमधलं जुनं, वाळलेलं लाकूड काढून टाकणार आहेत असं कानावर आलं. मी बघायला आले. तुम्ही एका स्टुलावर बसून पटाश्या तेल लावून फडक्यात गुंडाळत होतात. माझ्या हातात गिटारची एक वळवलेली बाजू होती, लाकडाचा रंग जुळतो का बघायला आणलेली.

"हे काय? भोपळ्याची साल?"

"गिटारची बाजू आहे."

"साचा कुठाय?"

"साचा नाहीये. गरम पाइपवर हाताने वळवते."

"हाताने भाकऱ्या थापतात गो बाय."

मला असा राग आला होता, मेस्त्री! तिथेच उभं राहून मी तुम्हाला अर्धा तास ऐकवलं की मोठे मोठे कारागीर साच्याशिवाय गिटार करतात, नजरेवर करतात. तुम्ही पटाश्या गुंडाळत सगळं ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी न बोलावता गाळ्यावर हजर. भिंतीवर माझी पहिली गिटार मोठ्या अभिमानाने लटकवलेली होती. ती काढलीत, खालच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघितलीत आणि विचारलंत, "हिची पाठ दुखते काय?" मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण हसले. त्या गिटारची खरोखरच पाठ दुखत होती. पावसाळ्यात दोन्ही बाजू आपापल्या मनाने सैलावल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे.

पॅटर्नमेकर म्हणजे काय, हे मला तुमच्यामुळे कळलं. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारा माणूस. तो नमुना वाळूत दाबतात, त्याची पोकळी राहते, तीत रस ओततात. नमुन्यात जी चूक असेल ती पुढे हजार पंपांत जाते, असं तुम्ही सांगायचात, आणि ते सांगताना तुमच्या आवाजात मास्तर यायचा. पस्तीस वर्षं तुम्ही ते केलंत. गिटार मात्र आयुष्यात हातात धरली नव्हती. शेवटपर्यंत तिला "तुझा डबा" म्हणत राहिलात. साच्यातून निघालेला पहिला डबा मी तारा लावून वाजवून दाखवला, तेव्हा मान तिरकी करून ऐकलात आणि म्हणालात, "आवाज येतो." त्याहून मोठं कौतुक मला तुमच्याकडून मिळालं नाही, आणि मला ते पुरलं.

तो साचा करताना तुम्ही हार्डबोर्डवर अर्ध्याच गिटारचा आकार काढलात. मी म्हटलं, पूर्ण काढा ना. "पूर्ण काढलंस तर दोन बाजू दोन बहिणींसारख्या येतील. अर्धा काढ, तोच उलटा टाक, म्हणजे आरशातल्यासारख्या येतील." मग प्लायचे थर एकावर एक चिकटवून चार इंच जाडीच्या दोन फाका केल्यात, एक डावी, एक उजवी. दोन्ही जोडल्या की मध्ये गिटारच्या आकाराची पोकळी. वळवलेल्या बाजू त्यात ठेवायच्या, आतून आडवे दांडे लावून स्क्रूने ताणायच्या, म्हणजे लाकूड साच्याच्या भिंतीला टेकून बसतं. पोट आणि पाठ, म्हणजे पुढची-मागची फळी, चिकटून वाळेपर्यंत बाहेर काढायचं नाही. मी घाई करायचे. "काढू का?" "नको." "आता?" "अगो, भात आहे काय, शीत दाबून बघायला?" कानस मारून झाली की तुम्ही डोळे मिटून आतल्या भिंतीवरून अंगठा फिरवायचात आणि एका जागी थांबायचात. "इथे डोंगर आहे." मला काहीच लागायचं नाही. पट्टी लावली की खरंच तिथे केसभर उंचवटा असायचा.

दुसरा साचा आपल्या भांडणातून आला. मला गिटारची कंबर आणखी बारीक हवी होती. तुम्ही म्हणालात, माणूस मांडीवर घेऊन वाजवणार, त्याला टेकायला जागा नको? मी म्हटलं, दिसायला सुंदर दिसेल. "मग शोकेसमध्ये ठेव." आठ दिवस आपण फक्त कामापुरतं बोललो. नवव्या दिवशी दुसरा साचा टेबलावर होता, कंबरेपासून खाली दोन्ही बाजूंना अर्धा सूत कमी. अर्धा सूत म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. तेवढ्यासाठी आठ दिवस! पण तुम्ही केलात, न पटता केलात, आणि पहिल्याइतकाच मन लावून केलात.

त्या दिवशी तुम्ही मला एक गोष्ट नीट समजावून दिलीत. पहिल्या साच्याच्या दोन्ही फाकांच्या कडेला पटाशीने एकेक खाच होती, दुसऱ्याच्या दोन्ही फाकांना दोन-दोन. शिवाय फाका जोडायच्या लाकडी खुंट्या तुम्ही दोन्ही साच्यांत वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्या होत्या, म्हणजे एकाची फाक दुसऱ्याला बसूच नये. कंपनीत एकाच पंपाचे तीन-तीन नमुने असायचे, कुणी घाईत फाका अदलाबदल केल्या की अख्खा माल भंगारात. "घाईतला माणूस खाच बघत नाही. पण खुंटी बसली नाही की त्याला थांबायलाच लागतं." घाईतला माणूस म्हणजे मी, हे तुम्ही बोलला नाहीत. मलाही तेव्हा ते सुचलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तुम्ही पंधरा दिवस लावणीला गावी गेला होतात. खुंट्या दमट हवेने फुगल्या होत्या. साचा उघडायला हातोडी मारावी लागत होती, आणि मला त्याचा दर वेळी वैताग यायचा. त्यात गाळ्याचा व्हिडिओ करायला दोघं जण येणार होते. जुनाट प्लायचे, गोंदाचे ओघळ आलेले साचे त्यात कसे दिसतील, असं मला वाटलं. मी सगळ्या खुंट्या उपटल्या, भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली, आणि लांबीचा हात कडेच्या खाचांवरूनही फिरला. वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. जुन्या पेट्यांना असतात तशा कड्या बसवल्या. चारही फाका वर्तमानपत्रावर वाळत पडल्या होत्या, चारही काळ्याकुळकुळीत. वाळल्यावर एक डावी उचलली, एक उजवी उचलली, कडी लावली, खट्. दुसरी जोडी, खट्. व्हिडिओत फार छान दिसले.

तुम्ही परत आलात. साच्यांकडे बघून म्हणालात, "शाळेचे फळे केलेस की!" मग कडेवरून हात फिरवलात. "खुंट्या?"

"काढल्या. आता एका सेकंदात उघडतो."

"जोड्या खाचा बघून लावल्यास ना?"

"हो हो."

इतक्या सहज बोलले मी ते. बघून लावल्या नव्हत्या. बघून लावायच्या असतात हेच त्या क्षणी डोक्यात नव्हतं. पण तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, आणि तुम्ही ते खरं मानलंत.

गणपतीनंतर सुमित आला. ठाण्यात मुलांना गिटार शिकवतो तो. त्याने माझ्याकडे करायला दिलेली गिटार पॉलिशला जायच्या आधी बघायला आला होता. तुम्ही कोपऱ्यात पट्टीने कसलंसं माप घेत बसला होतात. त्याने गिटार टेबलावर ठेवली, खालच्या टोकाला जाऊन वाकला आणि म्हणाला, "मॅम, ये थोडा... डाव्या साइडला जास्त वाटतंय ना?" खरं सांगू? मला ते चार दिवसांपूर्वीच दिसलं होतं. पण डोळ्यांचा भास असेल असं म्हणून मी पुढे गेले होते. आता पट्टी लावली. कंबरेपासून खाली डावीकडे अर्धा सूत जास्त. साचा उघडून बंद केला, त्यात माप घेतलं. तिथेही तेवढंच.

माझं डोकं फिरलं. आपली चूक दुसऱ्याने दाखवली की माझं कायम असंच होतं. "मेस्त्री, हे बघा. साचाच वाकडा आहे तुमचा."

तुम्ही उठलात. चष्मा सदऱ्याला पुसलात. आपल्या पट्टीने मोजलंत, मग पुन्हा मोजलंत. मग माझ्याकडे बघितलंत. "जोडी..."

"जोडी बरोबर आहे. मी स्वतः लावलीये. तुमची नजर गेली आता, मेस्त्री. वय झालं की माणसाने मान्य करावं."

सुमित मोबाइलमध्ये बघायला लागला. तुम्ही पट्टी खिशात ठेवलीत. "असेल बाय. झालं असेल हातून." चहा सांगितलेला होता, तो यायच्या आधी चपला घालून निघालात. मी हाक मारली नाही. उलट सुमितला म्हटलं, "सॉरी हं, म्हातारी माणसं आहेत." हे तुम्ही जिना उतरताना ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. ऐकलं नसावं असं मी स्वतःला सांगत आलेय.

त्यानंतर तुम्ही आला नाहीत. फोन केला की गुडघा दुखतोय, नाहीतर कल्याणला कुणाकडे तरी जायचंय. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे लिहिलंच पाहिजे. तुम्ही रुसलात असं वाटलं, आणि चूक करून वर रुसायचं काय, असंही वाटलं. तुमचा तो साचा मी भिंतीला टेकवून उलटा करून ठेवला आणि दुसऱ्यावर काम सुरू केलं.

दिवाळीच्या आठवड्यात दुसऱ्या साच्यातून नवीन गिटार निघाली. ती मी टेबलावर सुमितच्या त्या नापसंत गिटारशेजारी ठेवली. एक डावीकडे जास्त होती. दुसरी उजवीकडे जास्त होती. दोन्हीकडे अर्धा सूत.

मेस्त्री, मला त्याच क्षणी कळलं. मोजायचीही गरज नव्हती. मी खाली फरशीवर बसले, पटाशीने कडेचा काळा रंग खरवडला. लांबी निघाली. डाव्या फाकेला एक खाच. उजव्या फाकेला दोन. एक चप्पल एकाची आणि एक दुसऱ्याची घालून मी गावभर फिरले होते आणि चपला शिवणाऱ्याला बोल लावला होता. फाका बदलून लावल्या, मोजल्या. दोन्ही साच्यांत केसाचा फरक नव्हता. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला आनंदच झाला. साचे वाचले म्हणून. तुमचा चेहरा त्यानंतर आठवला.

मग तुम्हाला लगेच का नाही सांगितलं? कारणं होती. फोनवर सांगणं बरं दिसत नाही. दिवाळीत घरी पाहुणे असतील. दिवाळीनंतर ऑर्डरी होत्या. मग असं सुचलं की नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा बरोबर जोडलेल्या साच्यातली एक नवीन गिटार घेऊन जावं, म्हणजे काही बोलायलाच नको, तुम्ही एक डोळा मिटून बघाल आणि समजाल. ही युक्ती मला फार आवडली, कारण तिला दोन महिने लागणार होते. तुमच्याकडे वर्षं पडलेली आहेत, असं मी गृहीत धरून चालले होते.

संक्रांतीला आले मी. सांगायचं म्हणूनच आले होते, गिटार अर्धवट होती तरी. तुम्ही खुर्चीत बसला होतात, हातावर तीळगूळ ठेवलात. काकू चहा करायला आत गेल्या. दहा मिनिटं आपण दोघंच होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्हीच विचारलंत.

"नवीन साचा कुणाकडनं करून घेतलास?"

"बघतेय."

"घे करून. हल्ली कॉम्प्युटरवर कापून देतात. ती मशिनं चुकत नाहीत."

हे तुम्ही चिडून म्हणाला असतात, टोमणा मारला असतात, तर मला सोपं गेलं असतं. मी चिडून उत्तर दिलं असतं आणि त्या भांडणात खरं बाहेर आलं असतं. पण तुम्ही मनापासून सल्ला देत होतात. माझं काम अडू नये म्हणून. मी म्हटलं, "हो, चौकशी करते." चहा आला. गुडघ्याच्या तेलाबद्दल बोललो. मी उठले, तुम्ही दारापर्यंत आलात.

बारा दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला. छातीत कसंतरी होतंय म्हणाले, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं होतं. त्या दिवशी तुमच्या घरात मी सगळ्यात जास्त रडले. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोटच्या मुलीसारखी होती. मी ते ऐकून घेतलं.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्या तुमचे कपडे घड्या करून ठेवत होत्या. आपणहूनच बोलायला लागल्या. तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात तुम्ही एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलात. डॉक्टर म्हणाला, आजोबा, डोळे ठणठणीत आहेत.

"त्याने तर हे आणखीनच खचले बघ," काकू म्हणाल्या. "म्हणाले, डोळे चांगलेत, तर मग माझं गेलं काय? अवजारं गावी पुतण्याला देऊन टाकली. भिंतीवर फोटो लावला तर मला विचारायचे, सरळ आहे का गं? अगं, चाळीस वर्षांत ह्या माणसाने मला कधी असं विचारलं नव्हतं. मी चिडवायचे. म्हणायचे, आता बायकोची नजर लागायला लागली होय?"

मी बोटं मोजत होते. तुळशीचं लग्न. मला कळून तेव्हा पंधरा-वीस दिवस झाले होते. मानपाड्याहून तुमचं घर रिक्षाने अर्ध्या तासावर आहे.

मी सांगितलं. काकू, साचा बरोबर होता, मी फाका चुकीच्या जोडल्या होत्या, आणि मेस्त्रींना सुमितसमोर नाही नाही ते बोलले. काकूंच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग त्यांनी एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

आणि मी म्हटलं, "परवा. साचे साफ करताना."

हे मी ठरवून नाही बोलले, मेस्त्री. जसं "हो हो" निघालं होतं तसंच हे निघालं. काकूंनी मोठा श्वास सोडला. म्हणाल्या, "मग तू तरी काय करणार होतीस, पोरी." मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, ज्यांचा नवरा गेला त्यांनी माझी समजूत काढली. मग बसवून भात वाढला. मी जेवले. आमटी दोनदा घेतली.

हे अर्धं आत दाबून मी गाळ्यावर काम करतेय. साच्यांवरचा काळा रंग सगळा काढला. तुमच्या मापाने नवीन खुंट्या बसवल्या, एक-दोन खराब झाल्या, मग जमल्या. पावसात त्या परत फुगतील आणि मी परत हातोडी मारीन. सुमितला फोन करून सगळं सांगितलं. त्याला आधी आठवेचना. "कौन से काका?" म्हणाला. ज्या माणसासमोर मी तुमचा अपमान केला, त्याच्या तो लक्षातसुद्धा नव्हता. मग मी त्याला तुम्ही कोण ते पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "सॉरी यार मॅम, मला वाटलं काका हेल्पर आहेत." मला त्याचा राग आला, आणि राग येण्याचा मला काही अधिकार नाही हेही त्याच्या मागोमाग आलं. त्या दिवशी माझं बोलणं ऐकून दुसरं कुणाला काय वाटणार होतं?

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. आता दोन्ही साच्यांतून नीट निघालेल्या गिटार मी आळीपाळीने मांडीवर घेऊन बघते. टेकायला तुमचीच कंबर बरी पडते, ते मी मान्य करते. आवाज माझीचा चांगला आहे, ते तुम्ही मान्य केलं नसतंत. तुम्ही असतात तर मी हे कधीच कबूल केलं नसतं आणि आपण आणखी आठ दिवस बोललो नसतो. मला ते आठ दिवस हवे होते. पोकळीत एक आकार धीराने धरून ठेवायचा असतो, घाईने बाहेर काढायचा नसतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही शिकवलंत, रोज, न कंटाळता, मी उलट बोलत असताना. त्याबद्दल तुमचे आभार मी एकदाही मानले नाहीत. तुम्ही म्हणाला असतात, "पुरे गो, गोंद वाळतोय तिकडे."

मेस्त्री, पुढचं तुमच्यासाठी नाही. जरा थांबा.

काकू, कधी कळलं असं तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी परवा म्हटलं. ते खोटं होतं. मला दिवाळीत कळलं होतं. ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटे गेले, तेव्हा मला माहीत होतं. संक्रांतीला तुम्ही आत चहा करत होतात, तेव्हा मला माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर बसले होते. तुम्ही मला जवळ घेतलंत ते हे माहीत नसताना घेतलंत. आता माहीत झालंय. तुम्हाला जे वाटेल ते बोला, काकू, सगळ्यांसमोर बोला. मी इथेच बसलेय.